तांबे मोजले म्हणजे समुद्र तपासला?

खोल समुद्रातल्या खाणकामावरून भांडणाऱ्या दोन्ही पक्षांचे एका मुद्द्यावर मात्र एकमत असते. पाण्याचे नमुने घ्या, त्यातले धातू मोजा, ठरलेल्या मर्यादेशी ताडून पाहा आणि काय तो निकाल लावा. खाणवाल्यांना खात्री असते की आकडा मर्यादेच्या आत येईल. विरोधकांना खात्री असते की तो बाहेर जाईल. सगळी हुज्जत आकडा किती येणार यावर. तो आकडा नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे विचारण्याच्या फंदात फारसे कोणी पडत नाही.

माझे म्हणणे असे आहे: पाण्यात धातू किती आहे हे मोजणे आणि त्या धातूमुळे समुद्र दूषित झाला का हे तपासणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले केले की दुसरे आपोआप झाले असे धरून चालणारी तपासणी परवान्याच्या फाइलीला लागणारा कागद तेवढा पुरवते. आधीचे पाणी कसे होते, धातू कोणत्या रूपात आहे, तो कोणाला बाधतो आणि फरक दिसला नाही याचा अर्थ काय, या चार प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही. ते चार प्रश्न याच क्रमाने घेतो.

आपला संबंध

हा वाद दूरच्या कोणाचा नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरून भारताचे पहिले नोड्यूल वर काढले. हे बटाट्याएवढे काळे गोळे असतात. मँगनीज आणि लोहाच्या ऑक्साइडचे थरावर थर बसत ते दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर या गतीने वाढतात. १९८७ मध्ये भारताची 'अग्रणी गुंतवणूकदार' म्हणून नोंद झाली. आज मध्य हिंदी महासागर खोऱ्यातले ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र आपल्या वाट्याला आहे. तिथे ३८ कोटी टन नोड्यूल असल्याचा सरकारी अंदाज आहे, आणि त्यांत ४७ लाख टन निकेल, ४२.९ लाख टन तांबे व ५.५ लाख टन कोबाल्ट. २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांची 'डीप ओशन मिशन' मंजूर झाली. त्याच वर्षी चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचे यंत्र ५,२७० मीटर खोल तळावर चालवून पाहिले गेले. यंत्राचे नाव 'वराह'. समुद्राच्या तळातून पृथ्वी वर काढणाऱ्याचे नाव खाणयंत्राला द्यायला ज्याला सुचले त्याला दाद दिली पाहिजे.

१. आधीचे पाणी कसे होते?

प्रदूषण म्हणजे भर पडणे. भर मोजायची तर मूळ शिल्लक माहीत हवी, हे शाळकरी पोरालाही कळते. समुद्राच्या बाबतीत घोडे नेमके इथेच अडते.

१९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत समुद्राच्या पाण्यातल्या शिसे, तांबे, जस्त यांचे छापून आलेले बहुतेक आकडे चुकीचे होते. थोडेथोडके नव्हे, खऱ्यापेक्षा दहापट ते हजारपट जास्त. शास्त्रज्ञांची उपकरणे वाईट नव्हती. धातू बाटलीतून, तारेतून, हातमोज्यांतून, जहाजाच्या गंजातून नमुन्यात येत होता आणि समुद्राच्या नावावर खपत होता. क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय साडेचार अब्ज वर्षांच्या वर ठरवले; ते करताना प्रयोगशाळेतल्या हवेत, धुळीत, माणसाच्या केसांतसुद्धा शिसे आहे हे त्याच्या ध्यानात आले होते. पुढे त्याने तीच काटेकोर स्वच्छता समुद्राच्या पाण्याला लावली आणि जुने आकडे कोसळले.

ही स्वच्छता किती टोकाची असते ते जवळून पाहण्यासारखे आहे. बाटल्या आठवडेच्या आठवडे आम्लात बुडवून ठेवतात. पोलादी तारेऐवजी केव्हलारचा दोर आणि टायटॅनियमची चौकट वापरतात. बाटली दुहेरी पिशवीत असते: बाहेरची पिशवी एकाने उघडायची, आतल्या बाटलीला दुसऱ्याने हात लावायचा, आणि या दोघांनी एकमेकांचे काम करायचे नाही. पाणी काढायचे ते गाळलेल्या हवेच्या बंद कंटेनरमध्ये. एवढा खटाटोप कशासाठी? एक किलो समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असतात आणि खोल पाण्यात कोबाल्ट असते दोन नॅनोग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका ग्रॅमचे एक अब्ज भाग केले तर त्यातले दोन. इतक्या क्षारांतून तेवढा धातू आधी रेझिनवर वेगळा गोळा करावा लागतो, मग तो मोजायला घेता येतो. २०१० पासून 'जिओट्रेसेस' या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाने हीच पद्धत वापरून महासागरांचे नकाशे बनवले. त्यात भारतातर्फे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेनेही काम केले.

आता प्रयोगशाळेच्या टोकाकडून नव्हे, खाणीच्या टोकाकडून याकडे पाहा. खाणकामाआधीचे नमुने ढिसाळपणे घेतले तर मूळ पातळी खोटी, फुगलेली येते. मग यंत्र चालल्यानंतर पाण्यात खरोखर भर पडली तरी ती त्या फुगवट्यात बुडून जाते. आळसाने घेतलेला आधीचा नमुना नंतरच्या खाणीला निर्दोष ठरवतो. इथे कोणी लबाडी करण्याचीही गरज नाही. गलथानपणाचा फायदा ज्याला होतो त्याच्याकडेच नमुने घेण्याचे काम असणे पुरेसे आहे. म्हणून कंत्राटदाराने सादर केलेल्या तक्त्यात मी पहिल्यांदा धातूचा रकाना पाहणार नाही. कोऱ्या नमुन्याचा, म्हणजे शुद्ध पाणी त्याच बाटलीतून फिरवून आलेल्या आकड्याचा, रकाना आहे का ते पाहीन.

२. एकाच पाण्याची दोन उत्तरे

समजा मूळ पातळी नीट मिळाली. आता एक सोपे गणित करू. वरच्या सरकारी अंदाजावरून आपल्या नोड्यूलमध्ये तांब्याचे प्रमाण सुमारे १.१ टक्का येते. यंत्राने घासून झालेली एक ग्रॅम भुकटी एक घनमीटर पाण्यात पसरली. त्यात तांबे ११ मिलिग्रॅम, म्हणजे लिटरमागे ११ मायक्रोग्रॅम. खोल पाण्यात मुळात तांबे असते लिटरमागे ०.३ मायक्रोग्रॅमच्या आसपास. हाच नमुना न गाळता, आम्ल घालून मोजला तर तांबे जवळपास चाळीस पट वाढलेले दिसेल आणि उद्याच्या वर्तमानपत्रात 'समुद्रात विष' असा मथळा येईल.

तेच पाणी ०.२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढले तर भुकटी गाळणीवर राहते. भुकटीतले एक टक्का तांबे विरघळले असे धरले तरी भर पडते ०.११ मायक्रोग्रॅमची, एकूण आकडा ०.४च्या घरात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची खाऱ्या पाण्यासाठी दीर्घकालीन मर्यादा आहे ३.१ मायक्रोग्रॅम, आणि ती विरघळलेल्या तांब्यासाठी आहे. म्हणजे कंपनी उत्तीर्ण, तेही भरघोस फरकाने.

पाणी एकच, निकाल दोन, आणि दोन्ही मोजमापे अचूक! भांडणारे पक्ष आपापल्या सोयीची गाळणी निवडतात एवढेच. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोघांचेही म्हणणे अर्धवट आहे.

विरोधकांचे अर्धवट यासाठी, की नोड्यूलमधला धातू मँगनीज ऑक्साइडच्या जाळीत घट्ट बसलेला असतो. प्राणवायू असलेल्या पाण्यात ही ऑक्साइडे धातू सहजी सोडत नाहीत. उलट पाण्यातला विरघळलेला धातू स्वतःकडे ओढून घेतात. त्यामुळे नोड्यूलच्या गढुळात विरघळलेले तांबे काही वेळा कमीसुद्धा दिसू शकते. कंपनीचे अर्धवट अधिक गंभीर आहे. गाळणीवर राहिलेला कण पाणी गाळून खाणाऱ्या प्राण्याच्या पोटात जातो, आणि पोटातले पाचकरस म्हणजे समुद्राचे पाणी नव्हे. शिवाय विरघळलेल्या तांब्यापैकी फार मोठा भाग सेंद्रिय रेणूंना बांधलेला असतो. जिवाला बाधतो तो मुख्यत्वे सुटा आयन. बांधून ठेवणाऱ्या रेणूंची शिल्लक आहे तोवर थोडी भर पडली तरी सुटा आयन फारसा वाढत नाही. शिल्लक संपली की त्यापुढची तेवढीच भर त्याला एकदम वर नेते. ०.११ ही भर क्षुल्लक की घातक, हे आकड्यावरून ठरत नाही, त्या ठिकाणच्या पाण्याची बांधून ठेवण्याची ऐपत किती उरली आहे यावरून ठरते. ती ऐपत व्होल्टॅमेट्री नावाच्या पद्धतीने मोजता येते. नित्याच्या तपासणीत ती मोजायची सक्ती नाही.

जागेनुसारही रसायन बदलते. पेरूजवळच्या खोऱ्यात तळाच्या गाळाचा वरचा काही सेंटिमीटरचाच थर प्राणवायूयुक्त आहे. त्याखालच्या गाळातल्या पाण्यात मँगनीज विरघळलेल्या रूपात असते. यंत्र किती खोल खरवडते यावर तिथले उत्तर अवलंबून राहील. वर आणलेले गढूळ पाणी जहाजावरून परत सोडताना ते कमी प्राणवायूच्या पट्ट्यात सोडले, तर ज्या ऑक्साइडच्या भरवशावर आपण निर्धास्त होतो तीच तिथे तितकी स्थिर राहत नाहीत. नमुना तळाशी घेऊन वरच्या पट्ट्याबद्दल बोलता येत नाही.

३. कोणाला बाधते?

३.१ मायक्रोग्रॅमसारख्या मर्यादा किनारी पाण्यातल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आल्या आहेत: शिंपले, कोळंबीच्या जातीचे जीव, माशांची पिल्ले. हे जीव प्रयोगशाळेत जगतात, म्हणून त्यांच्यावर प्रयोग झाले. चार-पाच हजार मीटरवर तापमान एक-दोन अंश, दाब चारशे वातावरणांहून जास्त आणि चयापचय संथ. ९६ तासांच्या ठरावीक चाचणीत तिथला प्राणी मरणार नाही, याचे एक कारण असे असू शकते की ९६ तासांत त्याच्या शरीरात फारसे काही घडतच नाही. २०१३ ते २०१६ या काळात चाललेल्या युरोपच्या 'मिडास' प्रकल्पातल्या विषशास्त्रज्ञांनी नेमके हेच बजावले: उथळ पाण्यातल्या नातलगांवर, एकेका धातूने, एका वातावरणाच्या दाबाखाली केलेल्या चाचण्यांवरून खोल समुद्रातल्या धातूंच्या मिश्रणाविषयी निष्कर्ष काढणे जोखमीचे आहे. आपल्याकडचे एसडब्ल्यू-१ ते एसडब्ल्यू-५ हे समुद्रजलाचे वर्गही किनाऱ्याच्या पाण्यासाठीच आहेत. मध्य हिंदी महासागरात ते उपयोगाचे नाहीत.

यावर जपानने शोधलेली वाट मला सर्वांत शहाणपणाची वाटते, मर्यादा ध्यानात घेऊनही. २०१७ मध्ये जपानने ओकिनावाजवळ १,६०० मीटर खोलीवरून सल्फाइडचे खनिज वर उचलण्याची चाचणी केली. त्या काळात तिथल्या संशोधकांनी पाण्यातला धातू मोजण्याच्या जोडीला पाण्याला थेट जिवाकडूनच उत्तर द्यायला लावले. सूक्ष्म शैवालाचे द्रावण संशयित पाण्यात मिसळायचे, त्यावर प्रकाश टाकायचा आणि प्रकाश बंद करून अंधारात मोजायचे. हरितद्रव्य प्रकाश गेल्यावरही काही क्षण अतिमंद उजेड सोडत राहते. यालाच विलंबित प्रतिदीप्ती म्हणतात. पाणी विषारी असेल तर तो उजेड घटतो. शैवालाची वाढ मोजणाऱ्या नेहमीच्या चाचणीला तीन-चार दिवस लागतात. ही चाचणी जहाजावरच, त्याहून बऱ्याच कमी वेळात होते. धातू सुटा की बांधलेला, एक की आठ, हे आधी ठाऊक असावे लागत नाही. पेशी एकूण परिणाम सांगते. २०२१ मध्ये ही पद्धत आयएसओ २३७३४ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाली.

अर्थात सूर्यप्रकाशात जगणाऱ्या शैवालाने अंधारातल्या समुद्रकाकडीच्या वतीने साक्ष देऊ नये. ही चाचणी जहाजावरून होणाऱ्या गळतीसाठी आणि वरच्या थरांसाठी योग्य आहे. तळासाठी तळावरचाच प्राणी लागेल, दाबाच्या टाकीत किंवा तळावरच ठेवलेल्या पेटीत. ते महाग आहे, पण अशक्य नाही.

४. 'फरक आढळला नाही' म्हणजे काय?

पर्यावरण अहवालांतले सर्वांत सोयीचे वाक्य म्हणजे 'लक्षणीय फरक आढळला नाही'. फरक नाही म्हणून तो आढळला नाही, की दिसण्याइतके नमुनेच घेतले नाहीत म्हणून, हे या वाक्यातून कळत नाही. नैसर्गिक चढउतार मोठा आणि नमुने मूठभर असले की हा निष्कर्ष जहाज बंदरातून निघण्याआधीच लिहून ठेवता येतो. आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाच्या नियमांत खाणकाम होणारे आणि न होणारे अशी दोन तुलना-क्षेत्रे राखण्याची तरतूद आहे. ती चांगलीच आहे. मात्र किती मोठा बदल घडला तर तो पकडला जाईल, हे कंत्राटदाराने आधी लिहून द्यावे अशी अट हवी. 'तांबे दुप्पट झाले तरच आम्हाला कळेल' असे प्रामाणिकपणे लिहिलेला अहवाल 'फरक नाही' असे सांगणाऱ्या अहवालापेक्षा कितीतरी मोलाचा.

काळाचाही प्रश्न आहे. १९८९ मध्ये पेरूच्या खोऱ्यात जर्मन शास्त्रज्ञांनी नांगरासारखे अवजार ओढून तळ विस्कटला. २०१५ मध्ये परत गेल्यावर त्या रेघा जशाच्या तशा दिसल्या. १९९७ मध्ये गोव्याच्या संस्थेने आपल्याच क्षेत्रात 'इंडेक्स' प्रयोग केला: तीन किलोमीटर लांबीच्या पट्ट्यातला गाळ उपसून पाण्यात सोडला आणि पुढची काही वर्षे परिणाम तपासले. जगातल्या मोजक्या अशा प्रयोगांपैकी हा एक, आणि त्याबद्दल आपल्याकडे जितके बोलले जायला हवे तितके बोलले जात नाही. मात्र गाळ ढवळणे आणि वर्षानुवर्षे, दिवसरात्र नोड्यूल चिरडत राहणे यांत फरक आहे. धातूच्या दृष्टीने तो फरक मुख्य आहे, कारण ताज्या तुटलेल्या पृष्ठभागाचे रसायन जुन्या पृष्ठभागापेक्षा वेगळे असते.

आक्षेप

*समुद्र अफाट आहे, सगळे विरळ होऊन जाईल.* हा आक्षेप ऐकायला पटतो, मोजल्यावर टिकत नाही. २०२१ मध्ये पॅसिफिकच्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात 'पटानिया-२' या यंत्रामागचे गढूळ मोजले गेले, तेव्हा ९२ ते ९८ टक्के गाळ तळापासून दोन मीटरच्या आतच राहिला. खाणवाले हा आकडा दिलासा म्हणून सांगतात, कारण गढूळ लांब पसरले नाही. पण पसरले नाही याचाच अर्थ विरळ झाले नाही. तळावरची जवळपास सगळी जीवसृष्टी त्याच दोन मीटरांत राहते.

*नोड्यूलमधून धातू सुटतच नाही, मग एवढी चिकित्सा कशाला?* यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे, हे वर मान्य केलेच. पण भारताच्या हाती फक्त नोड्यूल नाहीत. २०१६ च्या कराराने मध्य आणि नैर्ऋत्य हिंदी महासागरी कटकांवर आणि २०२५ च्या कराराने कार्ल्सबर्ग कटकावर आपण बहुधातुक सल्फाइडच्या शोधाचे हक्क घेतले आहेत. सल्फाइडचे रसायन उलटे आहे: ते प्राणवायूच्या संपर्कात आले की ऑक्सिडीकरण होऊन जस्त, शिसे, तांबे पाण्यात सोडते. नोड्यूलच्या निर्दोषपणाचे प्रशस्तिपत्र सल्फाइडला लावता येणार नाही. शिवाय धातू न सुटताही इजा होते. २०२२ मध्ये पॅसिफिकमध्ये एका खाणकंपनीच्या चाचणीत ३,००० टनांहून अधिक नोड्यूल जहाजावर उचलले गेले आणि गढूळ पाणी मधल्या थरात सोडले गेले. त्यातल्या कणांचा अभ्यास करून हवाई विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवले, की निम्म्याहून अधिक प्राणिप्लवक ज्या आकाराचे कण खातात त्याच आकाराचे हे कण आहेत आणि नैसर्गिक अन्नकणांच्या तुलनेत त्यांत पोषण फारच कमी आहे. गाळलेल्या पाण्यातले तांबे मोजणाऱ्याला यातले काहीच दिसले नसते. या अभ्यासाला पैसा खाणकंपनीचाच होता, हेही नोंदवले पाहिजे. पैसा कोणाचा यावरून निष्कर्ष ठरतोच असे नाही, प्रश्न नीट विचारला की नाही यावरून ठरतो.

*जमिनीवरच्या खाणी याहून वाईट आहेत.* असतीलही. इंडोनेशियातले निकेल आणि काँगोतले कोबाल्ट कोणत्या किमतीला निघते हे जगाला ठाऊक आहे. पण ते ठाऊक आहे ते तिथे माणसे राहतात म्हणून. गोव्यात डिचोली-सांग्याच्या शेतांत खाणीचा लाल गाळ आला तेव्हा तो शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिला, बोंब मारली, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. खोल समुद्रात बोंब मारणारा शेतकरी नाही. तिथे तक्रार करू शकेल अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे मोजमाप. तेच अर्धवट ठेवून 'जमिनीपेक्षा बरे' म्हणणे म्हणजे तुलनेची एक बाजू कोरी ठेवून निकाल देणे.

*एवढे सगळे करायचे तर खाण कधी सुरूच होणार नाही.* घाई आहे हे खरे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने प्राधिकरणाला वळसा घालून स्वतःच्या १९८० च्या कायद्याखाली परवाने देण्याची दिशा घेतली. पण मी मागतो आहे त्यातली बहुतेक कामे खाणीच्या खर्चाच्या मानाने किरकोळ आहेत. सर्वांत महाग असतात जहाजाचे दिवस, आणि जहाज तिथे जाणारच आहे. गाळलेला आणि न गाळलेला असे दोन नमुने घेणे, कोरे नमुने सोबत ठेवणे, जहाजावर शैवालाची चाचणी करणे, यांनी कोणाचे दिवाळे निघत नाही.

मर्यादा कोण आणि कशी ठरवणार

आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाने मर्यादा-मूल्ये सुचवण्यासाठी तीन तज्ज्ञगट नेमले: एक विषारीपणासाठी, एक गढुळासाठी, एक आवाज आणि प्रकाशासाठी. पहिल्या गटाने तांब्यासाठी एखादा आकडा जाहीर केला की सगळे त्याच्यावर तुटून पडतील. त्या आकड्याला तीन शेपट्या जोडलेल्या असल्या पाहिजेत: कोणत्या गाळणीतून, कोणत्या जिवासाठी आणि किती काळाच्या संपर्कासाठी. शेपटीशिवायचा आकडा भारताच्या प्रतिनिधींनी स्वीकारू नये. ज्या देशाकडे नोड्यूल आणि सल्फाइड दोन्हींचे करार आहेत त्याने तर मुळीच नाही, कारण दोन्हींना एकच मर्यादा लावली तर एका ठिकाणी ती विनाकारण जाचक ठरेल आणि दुसऱ्या ठिकाणी निरुपयोगी.

नमुन्यांच्या ताब्याचेही तसेच. प्राधिकरणाने २०१९ मध्ये 'डीपडेटा' हे माहितीभांडार खुले केले, पण त्यात माहिती भरतो कंत्राटदारच. आकडा तपासता येतो, पाणी नाही. वास्तविक आम्ल घातलेला नमुना स्वच्छ बाटलीत वर्षानुवर्षे टिकतो आणि वाद उद्भवला तर पुन्हा मोजता येतो. प्रत्येक नमुन्याचा जुळा संच कराराशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेत ठेवायला एक खोली आणि एक नोंदवही लागते. भारताचा असा संच गोव्याच्या संस्थेबाहेर कोणाकडे ठेवायचा, हे 'वराह' पुढच्या खेपेला पाण्यात उतरण्याआधी ठरवता येण्यासारखे आहे.